शालेय खर्चावरील लोकदेखरेख

सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत किती निधी आला, तो कोणत्या कामावर, कोणत्या दराने आणि कोणाच्या सहीने खर्च झाला, हे पालकांनी व गावकऱ्यांनी स्वतः तपासणे आणि त्याबद्दल मुख्याध्यापकापासून शिक्षणाधिकाऱ्यापर्यंत संबंधितांना जाब विचारणे, या व्यवहाराला शालेय खर्चावरील लोकदेखरेख म्हणता येईल. महाराष्ट्रात ती प्रामुख्याने शाळा व्यवस्थापन समिती, माहितीचा अधिकार आणि सामाजिक अंकेक्षण (म्हणजे सरकारी कागद गावासमोर वाचून केलेली तपासणी) यांच्या आधारे चालते. शासकीय लेखापरीक्षणाहून ती वेगळी आहे. स्थानिक निधी लेखापरीक्षक पाण्याची टाकी बसवल्याचे व्हाउचर पाहतो आणि ते नियमात असेल तर पुढच्या पानाकडे वळतो. त्या टाकीला नळजोड मिळालाच नाही, हे शाळेत मूल पाठवणाऱ्या आईला ठाऊक असते. ही देखरेख कितपत चालते हे कायद्याच्या कलमांपेक्षा खर्चाचा निर्णय गावापासून किती अंतरावर होतो यावर अधिक अवलंबून असते, असे गेल्या पंधरा वर्षांच्या अनुभवावरून दिसते.

शिक्षणासाठी जमा होणारा पैसा कोणाचा आणि तो कोणावर खर्च होतो, हा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून उभा राहतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, असे सरळ म्हटले होते. ही मागणी मुख्यतः प्राथमिक शिक्षणाच्या वाट्याची असली, तरी करदात्याने शिक्षण खात्याचा ताळेबंद मागण्याची ही मराठी मुलखातील एक ठळक सुरुवात मानावी लागेल. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या आणि खर्चावरील राजकीय नियंत्रण परिषदेच्या शिक्षण समितीच्या हाती आले. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात ग्राम शिक्षण समित्यांमार्फत गाव या व्यवहारात आले खरे, परंतु त्या समित्यांवर गावच्या कारभाऱ्यांचे वजन जास्त आणि पालकांचे कमी असे.

ही रचना बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ या कायद्याने बदलली. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याच्या कलम २१ नुसार विनाअनुदानित खाजगी शाळा वगळता प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहे. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. महाराष्ट्र शासनाच्या जून २०१० मधील निर्णयानुसार सदस्य सचिव वगळून समितीत बारा ते सोळा जण असतात. उरलेल्या एक चतुर्थांश जागा स्थानिक प्राधिकरणाचे निवडून आलेले सदस्य, शिक्षक आणि स्थानिक शिक्षणतज्ज्ञ यांच्यात विभागल्या जातात. अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो आणि मुख्याध्यापक पदसिद्ध सदस्य सचिव असतो. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे यांबरोबरच शासन, स्थानिक प्राधिकरण किंवा अन्य कोणाकडूनही आलेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख करणे हे समितीचे काम कायद्यातच लिहिलेले आहे. ‘अन्य कोणाकडूनही’ या शब्दांना महत्त्व आहे, कारण त्यामुळे लोकवर्गणी, माजी विद्यार्थ्यांची देणगी आणि कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून आलेले संगणकही समितीच्या नजरेखाली येतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अल्पसंख्याक शाळांतील आणि इतर सर्व अनुदानित खाजगी शाळांतील समिती केवळ सल्लागार राहिली.

समितीच्या हातून किंवा तिच्या डोळ्यांदेखत जाणारी रक्कम फार मोठी नसते. सर्व शिक्षा अभियानात प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपये आणि उच्च प्राथमिक शाळेला ७,००० रुपये शाळा अनुदान मिळे. त्याशिवाय प्रत्येक शिक्षकामागे ५०० रुपये आणि देखभाल-दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम असे. २०१८ मध्ये आलेल्या समग्र शिक्षा योजनेने यांऐवजी पटसंख्येनुसार संयुक्त शाळा अनुदान सुरू केले. त्याच्या सुधारित दरांनुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला १०,०००, १०० पर्यंतच्या शाळेला २५,०००, २५० पर्यंतच्या शाळेला ५०,००० आणि १,००० पर्यंतच्या शाळेला ७५,००० रुपये मिळू शकतात. यातील किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. उरलेल्या पैशात खडू, नोंदवह्या, वीजबिल, तुटलेली दारे आणि गळणारे पत्रे भागवायचे, म्हणजे चाळीस पटाच्या शाळेचा मुख्याध्यापक अनेकदा स्वतःच्या खिशातून आधी खर्च करतो आणि मग अनुदानाची वाट पाहतो. देखरेखीचा विचार करताना ही बाजू सोडून चालत नाही; हिशेबातली विसंगती प्रत्येक वेळी अपहाराचीच असते असे नाही, कित्येकदा ती उशिरा आलेल्या पैशाला आधीच झालेल्या खर्चाचे कागद जुळवण्यातून निर्माण होते. शाळांच्या अनुदानांचा माग काढणाऱ्या ‘पैसा’ या देशव्यापी पाहणीनेही अनुदान आर्थिक वर्ष बरेच सरल्यावर शाळेत पोचते, हेच पुन्हापुन्हा नोंदवले. मार्चमध्ये आलेला पैसा मार्चअखेर संपवून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे असल्यावर तीन दरपत्रके मागवण्यासाठी फारशी सवड उरत नाही आणि मग तिन्ही दरपत्रके एकाच दुकानाच्या काउंटरवर तयार होतात.

प्रत्यक्ष तपासणी कशी होते, हे पाहायचे तर शाळेच्या कपाटातील नोंदवह्यांकडे वळावे लागते. कीर्द म्हणजे रोकडवही, तिला जोडलेली व्हाउचरे, जडवस्तू संग्रह नोंदवही (जिला शिक्षक बोलताना ‘डेडस्टॉक’ म्हणतात), समितीच्या सभांचे इतिवृत्त आणि पोषण आहाराची तांदूळ साठा नोंदवही, एवढ्यांत बहुतेक उत्तरे असतात. एकेक वही वेगळी वाचली तर सहसा काही सापडत नाही. दोन वह्या शेजारी ठेवल्या की बोलू लागतात. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्याचे प्रमाण ठरलेले आहे. एखाद्या चौथीपर्यंतच्या शाळेत हजेरीपटावर ५८ मुले हजर असतील तर त्या दिवशी ५ किलो ८०० ग्रॅम तांदूळ लागायला हवा. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी उपस्थिती ३५ वर येते, हे गावात सर्वांना माहीत असते. त्या दिवशीही साठा नोंदवहीत ५ किलो ८०० ग्रॅमच खर्च दिसला, तर प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. मुलांना ताट वाढण्यापूर्वी शिक्षकासह दोन-तीन प्रौढांनी अन्न चाखून पाहावे, असा नियम आहे आणि त्यासाठी चव नोंदवही ठेवली जाते. महिनाभराच्या सह्या एकाच शाईने, एकाच बैठकीत झालेल्या आहेत की नाहीत, हे ती वही हातात घेतल्यावर ओळखू येते.

समितीचे सदस्य नसलेल्या नागरिकाला हेच कागद माहितीच्या अधिकाराखाली मिळू शकतात. गोव्याने या विषयावर १९९७ मध्येच कायदा केला होता, महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर राज्याचा कायदा झाला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय कायदा पूर्णपणे अमलात आला. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती मागता येते; ती ३० दिवसांत द्यावी लागते आणि प्रतींसाठी पानामागे दोन रुपये आकारले जातात. उत्तर मिळाले नाही किंवा अपुरे मिळाले तर प्रथम अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. राज्याच्या २०१२ च्या नियमांनी अर्ज एकाच विषयापुरता आणि १५० शब्दांपर्यंत मर्यादित केला. या बंधनावर टीका झाली, आणि ती योग्यच होती, परंतु सरावलेले अर्जदार तसेही नेमकेच लिहितात. ‘शाळेचा सर्व हिशेब द्यावा’ असा अर्ज सहज टोलवला जातो; ‘अमुक आर्थिक वर्षातील संयुक्त शाळा अनुदानाची कीर्द, व्हाउचरे आणि त्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या सभेचे इतिवृत्त यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात’ असा अर्ज टोलवणे कठीण जाते. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत अभिलेख पाहण्याची सोय केली, ती मूळ पुणे महापालिकेतील प्रथेवरून घेतलेली आहे. शासनाच्या भरीव अनुदानावर चालणाऱ्या खाजगी शिक्षणसंस्थांनाही हा कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्यापूर्वी ‘आमची संस्था खाजगी आहे’ या एका वाक्यावर असंख्य अर्ज परत गेलेले आहेत.

तिसरे साधन सामाजिक अंकेक्षणाचे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ मध्ये सुरू केलेल्या जनसुनवाईत सरकारी कागद गावासमोर मोठ्याने वाचले जात आणि ज्याच्या नावावर खर्च पडला आहे त्यालाच तो खरा की खोटा हे विचारले जाई. पुढे हीच पद्धत रोजगार हमी आणि अन्नसुरक्षेच्या कायद्यांत आली आणि पोषण आहार योजनेच्या २०२१ मधील नव्या रूपात प्रत्येक जिल्ह्यात अंकेक्षण अनिवार्य ठरले. आकडे उघड केल्याने काय घडते, याचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण युगांडाचे आहे. तेथे १९९१ ते १९९५ या काळात केंद्राने प्राथमिक शाळांना दिलेल्या विद्यार्थीनिहाय अनुदानापैकी सरासरी अवघे १३ टक्के शाळांपर्यंत पोचत असल्याचे एका पाहणीत आढळले. त्यानंतर सरकारने प्रत्येक जिल्ह्याला पाठवलेली रक्कम वृत्तपत्रांत छापायला आणि शाळांच्या दर्शनी भागात लावायला सुरुवात केली, आणि गळती पुष्कळ घटली. हे श्रेय एकट्या वृत्तपत्रांचे नाही, त्याच सुमारास अनुदान देण्याची रीतच बदलली होती, असा आक्षेप पुढे अभ्यासकांनी घेतला आणि तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

महाराष्ट्रातील समित्यांची दुर्बलता सभेच्या खोलीत दिसते. निवड पालकसभेत व्हावी असा नियम असला, तरी पाच-सहा पालकांच्या उपस्थितीत नावे आधीच ठरलेली असतात आणि सूचक-अनुमोदकांच्या सह्या नंतर घरोघर फिरून घेतल्या जातात. महिला सदस्याच्या जागी तिचा नवरा बसतो. दोन वर्षांची मुदत वह्या कुठे असतात हे कळेपर्यंत संपत आलेली असते. त्याहून खोल अडचण अशी की प्रश्न विचारणाऱ्या आईचे मूल त्याच गुरुजींच्या वर्गात बसते. तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे नेण्याची तरतूद कलम ३२ मध्ये आहे, तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय देणे अपेक्षित आहे आणि त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपीलही आहे. पण तक्रारदार निनावी राहत नाही आणि चारशे उंबऱ्यांच्या गावात अर्ज कोणी केला हे संध्याकाळपर्यंत कळते.

शिवाय शालेय खर्चाचा सर्वांत मोठा भाग, म्हणजे शिक्षकांचे वेतन, समितीच्या वहीत कधी उतरतच नाही. वेतन पदांवर आणि पदे पटावर ठरतात. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावण्यात आली आणि हजारावर शाळांमध्ये उपस्थिती पटाच्या निम्म्याहूनही कमी निघाली. त्या शाळांच्या शेजारी राहणाऱ्यांना यात नवीन काही नव्हते. त्यांना ठाऊक असलेली गोष्ट कोणत्या वहीत, कोणासमोर नोंदवायची याची सोय मात्र नव्हती.

पैशाचा मार्ग बदलला की देखरेखीचा मार्गही बदलतो. पूर्वी अनुदान अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त खात्यात येई; अध्यक्ष बँकेत जाऊन पासबुक भरून आणू शकत असे आणि अल्पशिक्षित पालकालाही त्यातली जमा-नावे वाचता येत. जुलै २०२१ पासून केंद्रपुरस्कृत योजनांचा पैसा राज्यपातळीवरील एकाच खात्यात राहू लागला आणि शाळांना शून्य शिलकीची खाती व खर्चाची मर्यादा तेवढी मिळाली. निधी खात्यात पडून राहणे यामुळे थांबले, देयक थेट पुरवठादाराच्या खात्यात जाऊ लागले, हे खरेच. परंतु पासबुकात आता शिल्लक दिसत नाही आणि मर्यादा किती आली होती हे पीएफएमएस या सरकारी निधीच्या ऑनलाइन प्रणालीत शिरल्याशिवाय कळत नाही. ते काम बहुधा मुख्याध्यापक किंवा गटसाधन केंद्रातील कर्मचारी करतात.

गणवेशाच्या बाबतीत हे अंतर सर्वांना उघड दिसले. समग्र शिक्षेत पात्र विद्यार्थ्यामागे दोन गणवेशांसाठी ६०० रुपये मिळतात आणि वर्षानुवर्षे ते समितीमार्फत खर्च होत. तीनशे रुपयांत बरा कपडा मिळणे अवघडच, त्यामुळे दुकानदार कोण आणि रंग कोणता यांवरून समितीत भांडणे होत, पण ती गावातच होत. २०२४-२५ मध्ये राज्याने एकसमान गणवेशाचे कापड राज्यपातळीवर खरेदी करून ते महिला आर्थिक विकास महामंडळाच्या मार्फत बचत गटांकडून शिवून घेण्याचे ठरवले. अनेक शाळांत पहिले सत्र गणवेशाविना गेले आणि पोचलेले कपडे कुठे आखूड, कुठे ढगळ निघाले. समितीकडे पालक तक्रारी घेऊन आले, तेव्हा तिच्याजवळ दाखवायला ठराव नव्हता, दरपत्रक नव्हते की परत पाठवायला दुकानदार नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हा निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचा रंग, कापड आणि खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवली. दोन गणवेशांची रक्कम ६०० रुपयेच राहिली.