उंदराला कसला आलाय डॉक्टर?

खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या केंद्रात, कर्करोगाच्या संशोधनासाठी उंदीर पाळतात, हे कळलं की नवी मुंबईत एक शेरा हमखास ऐकू येतो: "तिथला पशुवैद्य म्हणजे नुसता सुया टोचणारा. कुत्र्या-मांजरांचा दवाखाना जमला नाही की लोक तिकडे वळतात."

हे साफ चुकीचं आहे. प्रयोग शास्त्रज्ञ करतात. पशुवैद्याकडे असते प्राण्याची तब्येत, भूल, वेदनाशामक औषध. पदवी तीच, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची. खरं शिक्षण त्यानंतर सुरू होतं, आणि ते सोपं नाही. कुत्रा दुखलं की केकाटतो. उंदीर मात्र दुखणं लपवतो, कारण आजारी दिसला की शिकाऱ्याच्या तोंडी जाणार. म्हणून बारकावे बघायला शिकावं लागतं: पाठीला पोक, विस्कटलेली फर, अर्धवट मिटलेले डोळे, अर्धवट सोडलेलं घरटं. रॅटच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराच्या, डोळ्यांभोवती लाल डाग दिसला तर नवखा घाबरतो, रक्त समजून. ते रक्त नसतं, ताण वाढला की ग्रंथीतून पाझरणारं रंगद्रव्य असतं. अर्थात दुर्लक्ष करायचं नाहीच.

आणि पशुवैद्याच्या शब्दाला वजन म्हणाल, तर १९९८ च्या नियमांनुसार संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी असल्याशिवाय प्रयोगच करता येत नाही. त्या समितीत पशुवैद्य असावाच लागतो. किती प्राणी, कशासाठी, कमी का नाहीत, वेदना किती वाढली की थांबायचं, हे सगळे प्रश्न तिथेच विचारले जातात.

प्राणी मरतात, हे खरं. ते कोणी नाकारत नाही.