गांजा सुटायची गोळी मिळते का?

“भाऊ, पोराचा गांजा सुटेल अशी गोळी द्या. चहातून घालते.” पिशवी पोटाशी धरून, मागे कोणी उभं नाही ना ते बघून हलक्या आवाजात विचारणाऱ्या आया आमच्या मेडिकलमध्ये येतात. त्यांना रिकाम्या हातानं पाठवताना वाईट वाटतं, म्हणून हा कागद छापला.

अशी गोळी नाही. दारू आणि तंबाखूसाठी मान्यताप्राप्त औषधं आहेत, गांजासाठी नाही. प्रयत्न झाले. एन-असिटिलसिस्टीन नावाच्या औषधानं 2012 मध्ये अमेरिकेत 15 ते 21 वयाच्या मुलांत आशा दाखवली. 2017 मध्ये मोठ्यांवर तपासलं तेव्हा औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा जास्त फरक पडला नाही. चहातून द्यायच्या पुड्या तर आम्ही ठेवतच नाही. आत काय आहे ते कळत नाही, आणि पोराला कळलं की घरावरचा विश्वास उडतो.

मग डॉक्टर औषध देतात ते कशासाठी? सोडल्यावर एक-दोन दिवसांत चिडचिड, घाम, भूक मरणं सुरू होतं. पहिला आठवडा सगळ्यात जड. झोप न लागणं आणि विचित्र स्वप्नं त्याहून जास्त दिवस छळतात. तेवढ्यापुरतं डॉक्टर औषध देतात. चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी मागू नका, तिचीही सवय लागते. मात्र कानात आवाज येणं, घरच्यांवरच संशय घेणं किंवा जीव द्यायची भाषा असेल तर थांबू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

गांजा सोडवण्यात खरा आधार समुपदेशनाचा. समुपदेशक ओरडत नाही. “संध्याकाळी सातला काय होतं?” असं विचारतो. पोरगा वहीत लिहितो: कामावरून सुटलो, मित्राचा फोन आला, गेलो. मग सातला फोन कुठं ठेवायचा, वाट कुठली धरायची, नाही कसं म्हणायचं, याचा सराव. हे काही आठवडे चालतं. मधे एकदा ओढलं म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडं गांजा तंबाखूत मिसळून ओढतात, म्हणून तंबाखूचंही सांगा; तिच्यासाठी औषध आहे.

बेळगावचं सिव्हिल किंवा धारवाडचं डिमहान्स (मानसिक आजारांचं सरकारी इस्पितळ) गाठा. कन्नड जमत नसेल तर मराठी बोलणारा समुपदेशक आहे का, ते आधी विचारा. मनातलं आपल्याच भाषेत निघतं. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन फुकट आहे. नाव बाहेर जाईल ही भीती नको, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे.

डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली की दुपारी गर्दी नसताना या. कुठली गोळी कधी आणि किती दिवस, ते बसून समजावून सांगू.