उजनीचं पाणी ओसरतं तेव्हा

पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर भिगवण लागतं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा कोरडा मुलूख. लोणावळ्यात ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, इथे जेमतेम ५००च्या आसपास. तरी हिवाळ्यात हजारो पाणपक्षी उतरतात, ते भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर.

इथे कधी जायचं, हे धरणाच्या पातळीवरून ठरवावं. पावसाळ्यानंतर धरण काठोकाठ असलं की काठचा गाळ पाण्याखाली असतो. बदकं दिसतात, पण चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकायलाही जागा नसते. शेतीसाठी कालव्यांत आवर्तनं सुटून पाणी ओसरलं की गाळाचे पट्टे उघडे पडतात आणि त्यातल्या अळ्या-किड्यांवर पक्षी तुटून पडतात. उथळ पाण्यात चोच उलटी धरून अन्न गाळणारे रोहित, म्हणजे फ्लेमिंगोही, तेव्हाच जास्त दिसतात. त्यामुळे जानेवारी ते मार्च हा काळ उत्तम.

काठावरचे पक्षी ओळखताना रंगाच्या मागे लागू नये. हिवाळ्यात बहुतेक सगळे मातकट-करडेच असतात. चाल बघा. छोटा चिखल्या चार पावलं तुरुतुरु पळतो, थबकतो, एकदा टिपतो, पुन्हा पळतो. डोळे मोठे, चोच आखूड. त्याचा सगळा भरवसा नजरेवर. शेजारचा टिलवा मान खाली घालून शिलाई मशीनच्या सुईसारखा टोचत राहतो. त्याच्या चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो, म्हणून चिखलातलं न दिसणारं भक्ष्यही सापडतं. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या त्यांच्या पुढे, पोटापर्यंतच्या पाण्यात. दहा पावलांच्या पट्ट्यात तिघांची ताटं वेगळी!

दुर्बीण ८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची घ्यावी. जास्त पटीच्या दुर्बिणीत हाताची थरथरही तितकीच मोठी होते, नावेत तर फारच. ऊन चढलं की तापलेल्या गाळावरची हवा लहरू लागते. मग महागडी भिंगंही उपयोगाची नाहीत. म्हणून पहाटे पाचच्या आत पुणं सोडून सूर्योदयाला भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठावर पोहोचावं.

नावाड्याला आधीच सांगावं: सूर्य पाठीशी ठेवायचा, नाहीतर पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. थव्यावर सरळ चालून न जाता तिरकं सरकायचं. फोटोसाठी थवा उठवणं तर अजिबात नको; परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी अशा उड्डाणांत जळते. सगळ्यांच्या माना एकदम वर आल्या की तिथेच बांबू रोवून थांबावं. मिनिटभरात चोची पुन्हा पाण्यात गेल्या नाहीत, तर नाव मागे घ्यावी.