सप्तखंड अंकदर्शक : आर्डुइनोद्वारे चालन

इंग्रजी आठच्या आकारात मांडलेल्या सात एलईडी पट्ट्यांपैकी हव्या तेवढ्या उजळून अंक दाखविणारा घटक. बोलण्यात ‘सेव्हन सेगमेंट’. खंडांना वरून घड्याळाच्या दिशेने ए ते एफ आणि मधल्याला जी म्हणतात. आठवा खंड म्हणजे दशांशचिन्हाचा ठिपका. ऋणाग्रे एकत्र असल्यास कॉमन कॅथोड, धनाग्रे एकत्र असल्यास कॉमन ॲनोड.

उगम : या कल्पनेचे श्रेय बहुधा एफ. डब्ल्यू. वुड यांच्या १९०८ मधील पेटंट-अर्जास दिले जाते. त्यांच्या मांडणीत खंड आठ होते. जादा तिरपा खंड चारच्या आकड्यासाठी. काही लेखक कार्ल किन्स्ली यांच्या १९०३ च्या सुमाराच्या तारायंत्र-पद्धतीकडे बोट दाखवितात. तीत खंडांचे अंक कागदी पट्टीवर छापले जात, उजळत नसत. तेव्हा दर्शक या अर्थाने वुड यांचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो. १९१० च्या सुमारास तापदीपांचे असे अंक एका वीजकेंद्राच्या बाष्पित्रगृहात वापरल्याचा उल्लेख सापडतो. निक होलोन्याक यांचा दृश्य लाल एलईडी १९६२ चा. एलईडी अंकदर्शक त्या दशकाच्या अखेरीस आले. आकड्यांचे वळण मात्र एकसारखे राहिले नाही : अंकानुसार योग्य खंड पेटविणाऱ्या ७४४७ या चिपमध्ये सहाला माथा व नऊला शेपटी नाही, ७४२४७ मध्ये दोन्ही आहेत. आर्डुइनोत (आज्ञावली भरून चालविण्याचा छोटा नियंत्रक-बोर्ड; इव्हरेआ, इटली, २००५) कोणत्या अंकाला कोणते खंड हा तक्ता आज्ञावलीतच लिहिला जात असल्याने वळणाची निवड आज्ञावली लिहिणाऱ्याकडे येते. देवनागरी अंकांना या सात खंडांचा उपयोग नाही. शून्य तेवढे जमते.

विद्युत् बाजू : नवशिक्याचे लक्ष आज्ञावलीवर असते, बिघाड बहुधा प्रवाहात असतो. आर्डुइनोच्या उनो बोर्डावरील एटीमेगा३२८पी या नियंत्रक चिपच्या एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर, वापरायची २०. सबंध चिपची २००. लाल खंडावर सुमारे २ व्होल्ट पडतात, म्हणून ५ व्होल्टवर २२० ओहमच्या रोधकातून १३-१४ मिलिअँपिअर वाहतात. रोधक प्रत्येक खंडाला स्वतंत्र हवा. सामाईक टोकावर एकच लावल्यास १ हा आकडा लखलखतो आणि ८ हा मंदावतो. ठिपक्यासह आठही खंड पेटल्यास सामाईक टोकातून सुमारे ११० मिलिअँपिअर जातात. ते टोक पिनने चालवायचे तर ट्रान्झिस्टर अपरिहार्य.

चार आकड्यांना ३२ तारा लागू नयेत म्हणून सर्वांचे समान खंड जोडून आकडे आळीपाळीने पेटवितात (मल्टिप्लेक्सिंग). तारा १२ उरतात. प्रत्येकाला २ मिलिसेकंद दिल्यास फेरी ८ मिलिसेकंदांची, सेकंदाला १२५ वेळा. डोळ्यास लुकलुक जाणवत नाही. आकडा बदलण्यापूर्वी खंड विझविले नाहीत तर शेजारच्याची पुसट छाया उमटते. आज्ञावलीत लांब ‘डिले’ (थांबण्याची आज्ञा) असला की एकच आकडा उजळून राहतो. त्यामुळे हे काम टायमर-इंटरप्टकडे (ठराविक वेळाने मुख्य आज्ञावली क्षणभर थांबवून छोटे काम उरकणारी सोय) सोपवितात.

मॅक्स७२१९ ही चिप आठ कॉमन कॅथोड आकडे स्वतःच आळीपाळीने पेटविते. टीएम१६३७ या चिपच्या तयार मॉड्यूलला पुरवठ्याखेरीज दोन तारा पुरतात. त्याची पद्धत आय-टू-सीसारखी (दोन तारांवर प्रत्येक घटकाला पत्त्याने हाक मारणारी संवादपद्धत) भासली तरी तीत पत्ता नसतो; दोन मॉड्यूल जोडायची तर डेटाची तार वेगळी घ्यावी लागते.

बडोदे : सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० मध्ये स्थापिलेल्या कलाभवनापासून येथे तांत्रिक शिक्षणाची परंपरा आहे; महाराजा सयाजीराव विद्यापीठाची (१९४९) तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा तिचीच वारस. दांडिया बाजारातील एखाद्या गणेशमंडळाला आरतीस उरलेली मिनिटे दाखवायची असली, तर अर्ध्या इंचाचे आकडे मांडवाच्या दारातूनही वाचता येणार नाहीत. चार इंची आकड्यांच्या प्रत्येक खंडात अनेक एलईडी एकसर असतात, त्यांना ५ व्होल्ट पुरत नाहीत. १२ व्होल्टचा पुरवठा, कॉमन ॲनोड आकडे आणि प्रवाह खाली ओढणारी यूएलएन२००३ ही चिप, अशी जोडणी रूढ आहे. तिच्यात वाहिन्या सातच असतात. ठिपका हवा असल्यास आठ वाहिन्यांची यूएलएन२८०३ घेतात. बोर्डाचा ग्राउंड व १२ व्होल्ट पुरवठ्याचे ऋण टोक एकत्र जोडावेच लागते.