तरुण क्रीडाघोड्यांचे हॉक आणि एक्स-रेचे वर्ग : पार्श्वभूमी

हॉकच्या, म्हणजे घोड्याच्या मागच्या पायातल्या मधल्या सांध्याच्या, पुढच्या-आतल्या बाजूला आलेली मऊ फुगवटी दाबली की सांध्यातला द्राव दुसऱ्या बाजूला सरकतो. घोडा लंगडत नसेल तर जुने पारखी ही दिसण्यापुरती खोड मानत आणि किंमत थोडी उतरवत. एक्स-रे सर्रास काढले जाऊ लागल्यावर टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) खालच्या टोकाशी, मधल्या कंगोऱ्यावर सुटलेला तांदळाच्या कणीएवढा तुकडा दिसू लागला. पायाला सूज नसलेल्या, उत्तम चालणाऱ्या घोड्यांतही तो सापडू लागला.

त्याचा अर्थ प्रत्येक पशुवैद्य आपापल्या परीने लावत असल्यामुळे जर्मनीत 1993 मध्ये समान मार्गदर्शिका तयार झाली. तिच्यात चित्रांचे एक ते चार वर्ग होते आणि प्रत्यक्षात मधले वर्गही वापरले जात. पुढच्या आवृत्त्यांत वर्गांना टक्केवारी जोडली गेली: पुढे लक्षणे दिसण्याची शक्यता तिसऱ्या वर्गात 5 ते 20 टक्के, चौथ्यात 50 टक्क्यांहून अधिक. हे आकडे मुख्यतः तज्ज्ञांच्या सहमतीतून ठरले होते, घोड्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन नव्हे, आणि पुढच्या वादाचे मूळ इथेच आहे.

2002 मध्ये तिथला विक्रीचा कायदा बदलला. व्यावसायिक विक्रेत्याकडून खासगी ग्राहकाने घेतलेल्या घोड्यात सहा महिन्यांत दोष दिसला, तर तो विक्रीच्या वेळी नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी साधारणपणे विक्रेत्यावर आली. वैद्यकीय मत म्हणून लिहिलेला वर्ग त्यामुळे सौद्याची अट बनला. तीन वर्षांचा, पाय निर्दोष टाकणारा घोडा केवळ कागदावरच्या ‘तीन’मुळे परत जाऊ लागला, आणि हा त्या जनावरावर व त्याला वाढवणाऱ्यावर उघड अन्याय होता. लक्षणे नसताना एक्स-रेत आदर्श रचनेपेक्षा वेगळे काही दिसणे एवढ्यावरून घोडा सदोष ठरत नाही, असे वरच्या न्यायालयाने 2007 मध्ये म्हटले. तरी बाजाराची सवय सुटली नाही.

2018 च्या आवृत्तीने वर्गच काढून टाकले. आता 18 ठरावीक चित्रे घेतली जातात, वेगळे दिसेल त्याचे वर्णन केले जाते आणि लंगडेपणाचा धोका मानल्या गेलेल्या बाबींवर तशी नोंद होते. खरेदीदारांच्या बाजूने आक्षेप आला की सामान्य माणसाला समजणारा एकमेव निकष गेला. तक्रार खरी आहे, पण जो आकडा सिद्ध नव्हता त्याची सोय टिकवण्यापेक्षा हा निर्णयच अधिक प्रामाणिक होता. बोलण्यात जुने वर्ग अजून वापरले जातात.

पैदाशीच्या बाजूने एक अडचण वेगळी आहे. हॉकमधले असे बदल शिंगराच्या पहिल्या सुमारे पाच महिन्यांत आपोआप भरूनही येतात, त्यामुळे फार लवकर काढलेल्या चित्रावरून पुढे पाय कसा राहील याचे भाकीत करता येत नाही.