कमळपक्ष्याची शेपटी गेली कुठे? सहल ठरवण्याआधी वाचा

दरवर्षी दिवाळीनंतर आम्हाला तोच फोन येतो. पुण्याहून पाहुणे आलेले असतात. मंडळी आमच्या गाडीने, आमच्या दुर्बिणी गळ्यात घालून इंदूरच्या सिरपूर तलावावर जाऊन येतात आणि संध्याकाळी विचारतात, “फोटोत एवढी मोठी शेपटी आहे, मग आम्हाला दाखवलात तो कुठला पक्षी?” एका गृहस्थांनी तर अर्धे पैसे परत मागितले.

पक्षी तोच होता. शेपटी गळून गेली होती.

कमळपक्ष्याला (हिंदीत जलमोर) ती काळी, बाकदार, वीतभर लांब शेपटी फक्त विणीच्या दिवसांत असते. आपल्याकडे म्हणजे पावसाळ्यात. तेव्हाच मानेमागचा सोनेरी पट्टाही झळकतो. वीण आटोपली की पिसं झडतात आणि हिवाळ्यात उरतो तो वरून तपकिरी, खालून पांढरा, आखूड शेपटीचा पक्षी. डोळ्यातून मानेवर उतरून छातीवर हारासारखा फिरलेला गडद पट्टा ही त्याची खूण. जगातल्या कमळपक्ष्यांच्या आठ जातींत असा हंगामी वेष बदलणारा हा एकटाच. फोटोखाली महिना न छापणं ही चूक आमची, आता छापतो. पण डिसेंबरात शेपटी दिसली नाही म्हणून पैसे परत मिळणार नाहीत.

शेपटीच पाहायची असेल तर जुलै ते सप्टेंबरमधली सहल घ्या. “भर पावसात कोण जातं?” असं सगळे म्हणतात, त्यामुळे गाडीत जागाही मिळते. छत्र्या आम्ही देतो. पाहायलाही तेव्हाच जास्त असतं. तरंगत्या पानांवर अंडी घालून मादी दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं एकट्या नराकडे. (हे सांगितलं की गाडीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघतात.) पाणी चढलं तर तो अंडी दुसरीकडे हलवतो. म्हणूनच पावसाळ्यात आम्ही काठापासून लांब उभे राहतो. “जरा पुढे जाऊ या ना” म्हणू नका, नर उठला की अंडी उघडी पडतात.

आणखी एक घोटाळा. काळसर मान, कांस्य रंगाची पाठ आणि डोळ्यावर ठळक पांढरी भुवई दिसली तर तो दुसरा, कांस्यपंखी कमळपक्षी. त्याला लांब शेपटी कधीच नसते. लाल चोचीची जांभळी पाणकोंबडी तर कमळपक्षी नव्हेच. पाय दिसले तर बोटं बघा: अंगाच्या मानाने अवाच्या सवा लांब. वजन त्यांच्यावर पसरतं म्हणून पान बुडत नाही.

हिवाळ्यात येऊच नका असं नाही. तेव्हा थापट्या आणि तलवार बदकं पाहायला या, सारस पाहायचे तर इंदूरजवळच्याच यशवंत सागर तलावाची जोडसहल आहे.

दुर्बीण ८ बाय ४२ चीच (आठपट मोठं दाखवणारी) देतो. जास्त ताकदीची मागू नका, हात हलला की चित्र हलतं. गाडी सकाळी साडेपाचला निघते. पोहे-जलेबी परतीच्या वाटेवर. आधी खायला थांबलो की आठ वाजतात आणि उन्हात पाणी चमकून काही दिसत नाही.