इंग्रजी म्हणी : मूळ कोठले, मुक्काम कोठे

शाळेच्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात शेवटी म्हणींचा एक तक्ता असतो. डावीकडे इंग्रजी म्हण, उजवीकडे तिच्या जोडीची मराठी म्हण, आणि परीक्षेत त्यांतल्याच एखादीचा कल्पनाविस्तार. नाशिकमध्ये शिकलेल्या अनेक पिढ्यांनी इंग्रजी म्हणी अशाच पाठ केल्या आहेत. तक्ता सोयीचा असतो, हे मान्यच आहे. पण त्याने दोन गोष्टी झाकल्या जातात. ज्यांना आपण इंग्रजी म्हणी म्हणतो त्यांतील बराच मोठा भाग इंग्लंडात जन्मलेला नाही. आणि ज्या खरोखर तिथल्या मातीतल्या आहेत, त्यांचा अर्थ तिथले हवामान आणि तिथले धंदे ठाऊक झाल्याखेरीज पुरता लागत नाही.

पहिल्या प्रकारच्या म्हणी मुख्यतः लॅटिनच्या वाटेने आल्या. डच विद्वान इरॅस्मस याने १५०० साली पॅरिसमध्ये प्राचीन म्हणींचा संग्रह छापला, तेव्हा त्यात आठशेच्या आसपास नोंदी होत्या. १५०८ च्या व्हेनिसच्या आवृत्तीत त्या तीन हजारांच्या वर गेल्या आणि १५३६ साली तो वारला तोपर्यंत चार हजारांच्या पुढे. छपाईची कला नवी होती, शाळांतून लॅटिनची वाक्ये इंग्रजीत आणि इंग्रजीची लॅटिनमध्ये करण्याचा सराव चाले, आणि त्या सरावातून या म्हणी इंग्रजी तोंडी बसल्या. १५४६ साली जॉन हेवूडने प्रचलित म्हणी एका पद्यसंवादात गुंफल्या. निर्धन तरुणीशी लग्न करावे की श्रीमंत वृद्ध विधवेशी, असा पेच पडलेल्या एका तरुणाला सल्ला देण्याच्या निमित्ताने तो म्हणींमागून म्हणी ओवत जातो. रोम एका दिवसात बांधले गेले नाही, उशीर झाला तरी न होण्यापेक्षा बरा, एका डोक्यापेक्षा दोन बरी, या आपल्या ओळखीच्या म्हणी त्यात आहेत. त्यांपैकी रोमची म्हण त्याआधी साडेतीनशे वर्षे फ्रेंचमध्ये रुळलेली होती.

भेट मिळालेल्या घोड्याचे तोंड उघडून पाहू नये, ही म्हणही हेवूडकडे आहे. पण तिचे वय याहून फार मोठे आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने आपल्या लॅटिन लेखनात ती वापरली आणि वापरताना ही लोकांतली म्हण आहे असे स्वतःच सांगितले. जनावराचे वय दातांवरून ठरते, हे तिचे मर्म आहे. घोड्याचे दुधाचे दात पडून सगळे पक्के दात साधारण पाचव्या वर्षी पुरे होतात आणि पुढे ते झिजत जातात, म्हणून घेणारा आधी जबडा उघडून बघतो. डांगी बैलांसाठी ओळखल्या जाणाऱ्या घोटीच्या बाजारात ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागणार नाही. तिथे बैलाचा खालचा ओठ अंगठ्याने दाबून दात पाहिले जातात आणि जनावर आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेले, यावर भावाची बोलणी सुरू होतात. मराठीने हीच गोष्ट ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ अशी सांगितली आहे. माझ्या मते ती जेरोमच्या म्हणीपेक्षा सरस आहे, कारण इंग्रजी म्हण उपदेश करते आणि मराठी म्हण दान घेणाऱ्याची कुरकुर त्याच्याच तोंडून ऐकवते.

गडगडत्या दगडाला शेवाळ धरत नाही, या म्हणीचे नशीब वेगळे आहे. इरॅस्मसच्या संग्रहातून आलेल्या या म्हणीत शेवाळ म्हणजे स्थिर राहून माणूस जमवतो ती पुंजी. सतत जागा बदलणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, असा तिचा मूळ रोख. पुढे शेवाळ म्हणजे साचलेपण असे समजून काही लोक तिचा नेमका उलटा अर्थ करू लागले. पावसाळा ओसरल्यावर गंगाघाटाच्या पायऱ्यांवरून जपून पाय टाकणाऱ्या नाशिककराला हा दुसरा अर्थच आधी सुचला, तर त्याला दोष देता येणार नाही.

आता खास तिथल्या हवेतल्या म्हणी. ‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ ही अशीच एक. इंग्लंडात गवत कापायचे ते ऐन उन्हाळ्यात, आणि कापलेले गवत उलटसुलट करून वाळायला काही दिवस लागतात. मध्येच सर आली तर ते कुजते आणि हिवाळ्यात गुरांना वैरण राहत नाही. ऊन केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या देशाची ही घाई आहे. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात पाऊस सरल्यावर गवत कापणाऱ्याला उन्हाची वाण नसते. तक्त्यात या म्हणीसमोर ‘वाहत्या गंगेत हात धुणे’ लिहिलेले असते; गोदावरीलाच गंगा म्हणणाऱ्या गावात ते जवळचे वाटले तरी त्यातला संधिसाधूपणा मूळ म्हणीत नाही, तिथे आहे ती निव्वळ शेतकऱ्याची काळजी.

एप्रिलच्या सरींनी मे महिन्यात फुले येतात, हे वचन टॉमस टसर या शेतकरी-कवीने १५५७ साली छापले. एप्रिलमध्ये द्राक्षांची अखेरची तोडणी आणि उन्हाळ कांद्याची काढणी चालू असताना आभाळ भरून आलेले पाहणाऱ्या निफाडच्या शेतकऱ्याला ते अभद्रच वाटेल. एका भिंगरी पक्ष्याने ग्रीष्म येत नाही, ही म्हण तर ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात आहे. ग्रीकमध्ये तिथे वसंत होता, इंग्रजीत त्याचा उन्हाळा झाला, कारण भिंगऱ्या आफ्रिकेतून युरोपात परततात त्या ऊब घेऊन. आपल्याकडे त्या हिवाळी पाहुण्या आहेत. नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर भिरभिरू लागल्या की थंडी जवळ आली असे समजावे. न्यूकॅसलला कोळसा नेणे मात्र चटकन उमगते. टाइन नदीकाठच्या त्या बंदरातून शतकानुशतके लंडनला कोळसा जात असे. आपण लासलगावला कांदा नेणे म्हटले की काम झाले.

काही म्हणींचे कर्ते किंवा निदान त्यांना रूप देणारे ठाऊक आहेत. लेखणी तलवारीहून समर्थ आहे, हे वाक्य बुल्वर-लिटन याच्या १८३९ च्या एका नाटकातले. वेळेवर घातलेला एक टाका नऊ टाके वाचवतो, हे टॉमस फुलरच्या १७३२ च्या संग्रहात आहे. छडी आवरली तर मूल बिघडते, हा विचार बायबलमधला. पण आज प्रचलित असलेले शब्द सॅम्युअल बटलरच्या सतराव्या शतकातील उपहासकाव्यातले, आणि तिथे विषय शिक्षणाचा नसून प्रेमाचा आहे. शिक्षकांनी ते इतक्या गांभीर्याने का उचलले, कोण जाणे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला मनाई केल्यावर तरी ही म्हण तक्त्यातून उतरायला हवी होती. रोज एक सफरचंद खाण्याची म्हण त्या मानाने कालचीच. तिचे जुने रूप १८६६ साली वेल्समधील पेम्ब्रोकशायरची लोकोक्ती म्हणून छापले गेले, आणि त्यात सफरचंद रात्री निजताना खायचे आहे.

नाशिकला या म्हणी पोचल्या त्या मिशनऱ्यांबरोबर आणि इंग्रजी शाळांबरोबर. चर्च मिशनरी सोसायटीचे काम येथे १८३२ मध्ये सुरू झाले, १८५४ मध्ये शरणपूरची वसाहत उभी राहिली. सार्वजनिक वाचनालय त्याआधीच, १८४० मध्ये, स्थापन झाले होते. त्याच काळात उलट दिशेनेही काम चालू होते. मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात, ज्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ ची, मराठी म्हणी इंग्रजीत उलगडून दाखवल्या. आणि याच सोसायटीचे रेव्हरंड मॅन्वेअरिंग यांनी १८९९ मध्ये ऑक्सफर्डहून मराठी म्हणींचा एक स्वतंत्र संग्रह भाषांतरासह प्रसिद्ध केला. त्या इंग्रज वाचकाला मराठी म्हण कळावी म्हणून इथल्या चालीरीती आणि शेतीभाती समजावून सांगाव्या लागल्या. इंग्रजी म्हण शिकवताना आपल्या तक्त्यांनी तेवढी तसदी घेतली नाही.